पेंड्युलमचं चुकून बरोबर आलेलं उत्तर, आणि ज्ञानमीमांसेत पुढचं शिक्षण: मार्गदर्शन हवं

रंकाळाकाठ

नमस्कार. इतकी वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

मी एम.एस्सी. फिजिक्स, बी.एड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात पाच वर्षं शिकवतेय. वय २९. गेल्या पावसाळ्यात अकरावीच्या प्रॅक्टिकलला एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही.

सिंपल पेंड्युलमवरून जी (गुरुत्वत्वरण, पुस्तकात सुमारे ९८० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग) काढायचं प्रॅक्टिकल. आमच्या लॅबमधल्या लाकडी मीटरपट्ट्यांची टोकं झिजली आहेत, म्हणून आम्ही मुलांना सांगतो की १० च्या खुणेपासून मोजा आणि रीडिंगमधून १० वजा करा. दोन मुलींची जोडी होती. एकीने ११० वाचलं, १० वजा करून वहीत १०० लिहिलं. दुसरीने आकडेमोड करताना, वजा करायचे राहिलेत असं समजून पुन्हा १० वजा केले. लांबी झाली ९०. इकडे स्टॉपवॉच धरणारीने बॉब सोडतानाच 'एक' म्हटलं. तिथे 'शून्य' म्हणायला हवं. म्हणजे तिची वीस ऑसिलेशन्स खरं तर एकोणीसच होती. वेळ आली ३८.२ सेकंद, भागिले वीस, १.९१. उत्तर ९७४.

मी लाल पेनाने टिक केली. जर्नलमध्ये शंका घ्यावी असं काहीच नव्हतं. ९० सेंटिमीटरच्या पेंड्युलमला वीस फेऱ्यांना साधारण तेवढाच वेळ लागतो. पेंड्युलम अजून स्टँडला लटकत होता, सहज पट्टी लावली तर शंभर. मग त्यांना माझ्यासमोर पुन्हा मोजायला लावलं आणि 'एक' ऐकू आलं. दोन्ही चुका दुरुस्त केल्या तर उत्तर ९७७. एकच केली असती तर १०८२ किंवा ८७९, आणि मी तिथल्या तिथे लाल फुली मारली असती.

त्या मुलींना जीची किंमत 'माहीत झाली' का? उत्तर बरोबर, त्यावर विश्वास ठेवायला कारण आहे, कारण कागदावर मांडलेलं आहे. तरीही मन हो म्हणत नाही. इंटरनेटवर शोधता शोधता तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांचा १९६३ चा निबंध सापडला, जेमतेम तीन पानांचा. सत्य, विश्वास आणि समर्थन तिन्ही असूनही ज्ञान नसू शकतं, हे त्यात दोन उदाहरणांनी दाखवलंय. वाचला आणि रात्रभर झोप नाही. माझ्याच टेबलावर घडलेली गोष्ट कुणीतरी साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती.

आता मला हेच शिकायचंय, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं हे तपासणारी ज्ञानमीमांसा, नीट, पद्धतशीर. तत्त्वज्ञानाची पदवी नाही. घरी बाबा म्हणतात, एम.एस्सी. झाल्यावर परत एम.ए. म्हणजे मागे जाणं. कुठे शिकावं, पैशाचं काय करावं, आणि माझ्यासारखीला दारात उभं तरी करतील का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

साधामाणूस

ताई, मनापासून लिहितोय, राग मानू नका. नोकरी सोडू नका. माझ्या सख्ख्या चुलतभावाने तत्त्वज्ञानात पीएच.डी. केली, हुशार माणूस, आज तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो. पगार सलग येत नाही, सुट्टीत तर नाहीच. त्याला विषयाचं प्रेम आहे म्हणून टिकलाय, पण काकूंच्या चेहऱ्यावरची काळजी मी बघतो. अनुदानित जागेवर असाल तर ती जागा परत मिळणार नाही. शिकायचंच असेल तर नोकरी ठेवून कसं शिकता येईल ते आधी बघा. वडील चुकीचं बोलत नाहीयेत.

व्हर्निअर

तत्त्वज्ञान मला कळत नाही. प्रायोगिक फिजिक्समध्ये हयात गेली, तेवढ्यावर बोलतो.

मॅडम, तुमचा घोळ एकाच लांबीवर रीडिंग घेतल्याने झालाय. त्याच मुलींनी त्याच दोन चुका करत लांबी ८० ठेवली असती तर उत्तर ९४७ आलं असतं. ६० ला ९०२. फक्त शंभरपाशीच दोन चुका एकमेकींना खातात, कारण एक चूक टक्केवारीत आहे (वेळ नेहमी पाच टक्के कमी, आणि सूत्रात वेळेचा वर्ग येतो म्हणून तो जवळजवळ दहा टक्के कमी) आणि दुसरी ठराविक (लांबी नेहमी दहाने कमी). शंभरातले दहा हे जवळजवळ तेवढेच पडतात. म्हणून आम्ही पाच-सहा लांब्या घ्यायला लावतो आणि लांबी विरुद्ध टी-स्क्वेअर (एका फेरीच्या वेळेचा वर्ग) असा ग्राफ काढायला लावतो. या मुलींची रेषा सरळच आली असती, पण शून्यातून गेली नसती, दहा सेंटिमीटर खाली उतरली असती. उतारावरून जी १०८० च्या वर. दोन्ही चोर एका कागदावर पकडले जातात.

मुलं ग्राफ शेवटी, मार्कांसाठी काढतात. खरं तर प्रयोग तिथे सुरू होतो.

आणखी एक सांगतो, कारण पेंड्युलमचाच विषय आहे. १६७२ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे यांना विषुववृत्ताजवळच्या केयेनला पाठवलं. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. आपली मुलं काय करतात? पुस्तकात ९८० आहे ना, मग रीडिंग थोडं सरकवा. रिशे यांनी सरकवलं नाही. लंबकाची लांबी कमी करावी लागली, ती किती हे महिनोन्महिने मोजून लिहून ठेवलं. बऱ्याच जणांना ती उष्णतेने धातू वाढल्याची चूक वाटली. न्यूटन यांनी १६८७ च्या ग्रंथात तोच आकडा पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचा पुरावा म्हणून वापरला. 'ही चूक आहे की निसर्ग काही सांगतोय' हे रिशे यांना कसं ठरवता आलं, हा तुमच्या विषयातला प्रश्न असावा. मला त्याचं उत्तर ऐकायला आवडेल.

मुक्काम_म्युनिक

व्हर्निअर काका, तुम्ही म्हणता तत्त्वज्ञान कळत नाही, आणि वर तीन परिच्छेदांत विज्ञानाचं तत्त्वज्ञानच लिहिलंत! तत्त्वज्ञ डेबोरा मेयो यांनी १९९६ मध्ये प्रायोगिक ज्ञानावर जे पुस्तक लिहिलं, त्याचा गाभा हाच आहे. एखादं विधान चाचणीतून तरलं एवढं पुरत नाही. विधान चुकीचं असतं तर ती चाचणी त्याला पकडू शकली असती का, हे विचारायचं. एकाच लांबीची चाचणी लेचीपेची, ग्राफची चाचणी कडक.

रंकाळाकाठ ताई, मी सांगलीकडचा, मेकॅनिकल इंजिनिअर. सात वर्षांपूर्वी नोकरी सोडून इथे लुडविग माक्सिमिलियान विद्यापीठात तर्कशास्त्र आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान या विषयात मास्टर्स केलं. इथलं गणिती तत्त्वज्ञानाचं केंद्र २०१० मध्ये हानेस लाइटगेब यांनी सुरू केलं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्ण इंग्रजीत. शिकवणी फी नाही, सेमिस्टरचे किरकोळ पैसे भरावे लागतात. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे जर्मनीतल्या बंद खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे. अर्ज करताना ताजा आकडा बघाच. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ जातो, आधी तेच करा.

दारात उभं करतील का, हे विचारलंत. करतील. या विषयात फिजिक्स, गणित, जीवशास्त्रातून आलेले लोक भरपूर असतात आणि हवेच असतात. दार उघडतं ते लेखन-नमुन्याने. पंधरा-वीस पानांचा, एकच प्रश्न धरून नेटाने लिहिलेला निबंध. 'पॉपर काय म्हणाले, कून काय म्हणाले' असे विज्ञानाच्या नामवंत तत्त्वज्ञांचे सारांश ढिगाने येतात आणि बाजूला पडतात. तुमच्याकडे दोन मुली, एक झिजलेली पट्टी आणि ९७४ हा आकडा आहे. यावर लिहा. मला माझ्या वेळी असं काही सापडलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती सांगतो. पहिल्या सेमिस्टरला धक्का बसतो. आपल्याला वेगाने वाचायची सवय असते, परीक्षेसाठी. इथे पहिल्या सेमिनारला दोन तासांसाठी आठ पानं दिली होती. मी चारदा वाचून गेलो. दोन तास पहिल्या पानावरच्या एका वाक्यावर गेले, त्यातल्या 'म्हणून' या शब्दावर. तो 'म्हणून' कुठल्या गृहीतावर उभा आहे? मला एकही शब्द बोलता आला नाही. बाहेर बर्फ पडत होता आणि मी ट्रामच्या थांब्यावर उभा राहून ते वाक्य मराठीत करून बघत होतो. मराठीत केल्यावर खाचखळगा दिसला. तेव्हापासून अवघड परिच्छेद मी आधी मराठीत मांडतो, आजही.

गणिताची तयारीही लागते: प्रथम-क्रम तर्कशास्त्र, संभाव्यता, थोडी संच-उपपत्ती. तुम्हाला जड जाणार नाही.

बाकी ठिकाणं: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला विभाग कार्ल पॉपर यांनी १९४६ मध्ये सुरू केला, तिथे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात एका वर्षाची एम.एस्सी. आहे. केंब्रिजला विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकवणारा एम.फिल. आहे. दोन्ही उत्तम, दोन्ही महाग. फीच वीस हजार पौंडांच्या बरीच वर जाते. त्यासाठी कर्ज काढू नका, या विषयात ते फिटणं कठीण. शिष्यवृत्ती मिळाली तरच जा. अमेरिकेत पिट्सबर्ग आणि इंडियाना इथे विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान असे स्वतंत्र विभाग आहेत. तिथे थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, आणि निवड झाली तर फी माफ आणि विद्यावेतन मिळतं. जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

अवच्छेदक

रंकाळाकाठ, तुला 'तू' म्हणते, माझ्या नातीच्या वयाची आहेस. पुण्यात तीस वर्षं न्यायदर्शन, म्हणजे भारतीय तर्कपरंपरा, शिकवलं, आता निवृत्त आहे.

तुझी गोष्ट वाचून मला श्रीहर्षांची मूठ आठवली. बाराव्या शतकातले श्रीहर्ष विचारतात: एकाने मुठीत कवड्या लपवल्या आणि 'किती?' म्हणून विचारलं. दुसऱ्याने अंदाजाने 'पाच' सांगितलं आणि निघाल्याही पाचच. ही प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, का? त्याच्याही आधी, आठव्या शतकात, बौद्ध तार्किक धर्मोत्तरांचं उदाहरण आहे. मांस भाजायला कुणी नुकताच विस्तव पेटवलाय, अजून धूर नाही, पण वासाने माश्यांचा थवा जमलाय. लांबून पाहणारा थव्याला धूर समजतो आणि म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव आहेच. तुझ्या मुलींचं ९७४ म्हणजे हा माश्यांचा धूर.

पण खरं काम पुढे आहे. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनांच्या भाष्याचं पहिलंच वाक्य बघ: प्रमाणतोऽर्थप्रतिपत्तौ प्रवृत्तिसामर्थ्यादर्थवत् प्रमाणम्. प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या साधनाने, वस्तू कळली की माणूस तिच्याकडे जातो, आणि ते जाणं सफल होतं, म्हणून प्रमाण अर्थवान. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, परतःप्रामाण्यवादी. ज्ञान झालं त्याच क्षणी ते खरं असल्याचं कळत नाही, ते बाहेरून तपासावं लागतं. पाणी दिसलं, गेलो, प्यायलो, तहान भागली. मीमांसक याच्या उलट स्वतःप्रामाण्य मानतात: ज्ञान मुळात विश्वासार्हच, खोटं ठरवायला कारण लागतं. तू टिक केलीस तेव्हा तू मीमांसक होतीस. या व्हर्निअर महाशयांचा ग्राफ म्हणजे नैयायिकाची प्रवृत्ती. साठ सेंटिमीटरवर जाऊन पाणी लागतं का ते बघणं.

मुक्काम_म्युनिक

बाई, हे वाचून अंगावर काटा आला. एक शंका मात्र मांडतो. इथल्या सेमिनारमध्ये मी धर्मोत्तरांचं उदाहरण सांगितलं तेव्हा एका वर्गमित्राने विचारलं, मग तुमच्याकडे गेटियर प्रश्न आधीच सुटला होता का? मला उत्तर देता आलं नाही. 'आमच्याकडे हे आधीच होतं' एवढंच म्हणून थांबलो तर आपण दोन्हीकडच्या विचारवंतांवर अन्याय करतो असं वाटतं.

अवच्छेदक

अगदी बरोबर बोललास. श्रीहर्षांना ज्ञानाची अधिक चांगली व्याख्या द्यायचीच नव्हती. ते अद्वैती. कुठलीही व्याख्या उभी राहत नाही हे दाखवायला त्यांनी मूठ वापरली. गेटियर यांना एक विशिष्ट व्याख्या अपुरी आहे एवढंच दाखवायचं होतं. उदाहरणं सारखी, हेतू निराळे. शिवाय प्रमा म्हणजे घडणारं, प्रसंगरूप ज्ञान, 'मला माहीत आहे' ही टिकून राहणारी अवस्था नव्हे. हा फरक पुसून तुलना केली की सगळं सपाट होतं. मग विस्तव एकीकडे आणि धूर दुसरीकडे.

१९८३ मध्ये पुण्यात संवाद झाला होता. मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण यांनी पुढाकार घेतला, परंपरेतले पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात मुरलेले प्राध्यापक समोरासमोर बसले, आणि बर्ट्रांड रसेल यांच्या विधानाच्या कल्पनेवर संस्कृतात वाद झाला. 'तुमच्याकडे हे आहे का' असं तिथे कुणी विचारत नव्हतं. 'तुमचा हा प्रश्न आमच्या भाषेत उभा तरी राहतो का' हे तपासलं जात होतं. रंकाळाकाठ, तुला जे शिकायचंय ते असं शिकावंस ही माझी इच्छा आहे. संस्कृत येत नसेल तरी हरकत नाही. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहापासून सुरुवात कर. दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला मी तीन-चार जणांना ऑनलाइन शिकवते, फी नाही. ये.

नेट_दिलेली

भारतातली बाजू मी सांगते, मुंबईत पीएच.डी. करतेय.

एम.ए. तत्त्वज्ञान पुणे आणि मुंबई विद्यापीठांत आहे. नोकरी ठेवून करायचं तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एम.ए. तत्त्वज्ञान, घरबसल्या होतं. पुढे पीएच.डी.साठी आयआयटी मुंबईचा मानव्यविद्या विभाग, आणि तुमचा प्रश्न वर्गातून निघालाय म्हणून मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र नक्की बघा. मुलं लॅबमध्ये नेमकं काय शिकतात यावर तिथे गंभीर काम चालतं. म्हणजे फिजिक्स शिक्षिका ही तुमची ओळख तिथे उणी ठरणार नाही.

नेटसाठी (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) मास्टर्सला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. जेआरएफसाठी (नेटमधूनच मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) वयाची अट ३० असली तरी महिलांना पाच वर्षांची सूट आहे, तेव्हा तुमच्या हातात वेळ आहे. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० मिळतात. साधामाणूस यांच्या काळजीचं थोडं उत्तर यात आहे.

आता अनुभवाचं. माझी पहिली दोन वर्षं एका विद्यापीठात फुकट गेली. गाइड ज्या विषयाचे होते त्याचा माझ्या विषयाशी काही संबंध नव्हता, जागा रिकामी होती म्हणून मला दिलं गेलं. प्रकरण लिहून दिलं की चार महिन्यांनी 'छान आहे' एवढाच शेरा यायचा. 'छान आहे' या शब्दांचा मी धसका घेतला होता. शेवटी रडत रडत सोडलं आणि नव्याने अर्ज केला. आताच्या गाइडनी पहिल्या भेटीत माझ्या तीन पानांवर एकोणीस प्रश्न लिहून दिले. त्या दिवशी मी घरी जाऊन श्रीखंड आणलं. ताई, विद्यापीठाचं नाव बघून जाऊ नका. त्या माणसाचे दोन निबंध वाचा, त्याच्या दोन विद्यार्थ्यांना फोन करा, मग जा.

साधामाणूस

जेआरएफचं मला माहीत नव्हतं. भावाच्या वेळी त्याला ती मिळाली नव्हती. इग्नूचा मार्ग पटतो. वडिलांना हा धागा वाचायला द्या.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दिला बाबांना वाचायला. त्यांनी श्रीहर्षांची मूठ दोनदा वाचली आणि म्हणाले, हे आम्हाला कुणी शिकवलं असतं तर. एवढंच म्हणाले, पण मला पुरे आहे.

काल प्रॅक्टिकलनंतर त्या दोघींना थांबवून घेतलं. काहीच सांगितलं नाही, फक्त लांबी साठ करून दिली आणि म्हटलं, मागच्या वेळी केलं होतं अगदी तसंच करा, दहा दोनदा वजा, सुरुवात 'एक'पासून. स्टॉपवॉच २९.६. उत्तर ९०१. व्हर्निअर सर, तुम्ही ९०२ लिहिलं होतं. पोरी वहीकडे बघतच राहिल्या. एक म्हणाली, मॅडम, म्हणजे त्या दिवशी आमचं बरोबर नव्हतंच. दुसरी म्हणाली, बरोबर होतं गं, पण आपलं नव्हतं. मी ते वाक्य तसंच्या तसं लिहून ठेवलंय. लेखन-नमुना तिथूनच सुरू करणार आहे. रिशे यांचा भाग दुसऱ्या अर्ध्यात घ्यायचा विचार आहे. 'आपली चूक' आणि 'निसर्गाचं म्हणणं' यांतला फरक दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या लांबीवर जाऊनच कळतो, हा धागा दोन्हींत आहे असं वाटतंय. कच्चा खर्डा झाला की इथेच टाकेन, प्रश्न लिहा. 'छान आहे' नको.

ठरलं ते असं: जुलैच्या सत्रात इग्नू, नोकरी चालू ठेवून. त्याबरोबर नेटची तयारी. बाहेरचे अर्ज दोन वर्षांनी, नमुना पक्का झाल्यावरच.

अवच्छेदक बाई, शनिवारी साडेसातला हजर आहे. तर्कसंग्रह इथे जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाला, पण फक्त मूळ आहे, दीपिका ही त्यावरची टीका नाही. चालेल का?

अवच्छेदक

चालेल. पहिले चार शनिवार मूळच वाचू. कोरी वही आण, मोबाइलवर टिपणं काढू नकोस. आणि ती दुसरी मुलगी, 'आपलं नव्हतं' म्हणणारी, तिलाही यायचं असेल तर घरी विचारून घेऊन ये.